‘विट’ हे इंग्रजी क्रियापद कसे चालवावे: ‘वॉटेथ’ हे रूप की चूक?

उंबरठा

गेल्या महिन्यात एका जुन्या इंग्रजी खरेदीखताचा मराठी तर्जुमा माझ्याकडे तपासायला आला. मिळकतीच्या वर्णनाआधी मूळ दस्तात ‘टु विट’ असे दोन शब्द होते आणि तर्जुमा करणाऱ्याने ते इमानेइतबारे उतरवून ‘सदर मिळकत, बुद्धीस, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस ओढा’ असे वाक्य सिद्ध केले होते. हसू आवरल्यावर ध्यानात आले की हे ‘विट’ नाम नसून ‘जाणणे’ या अर्थाचे क्रियापद आहे, आणि ते चालवून दाखवा असे कोणी म्हटले असते तर माझीही बोबडी वळली असती.

हे क्रियापद असे चालते: वर्तमानकाळी ‘आय वॉट’, ‘दाऊ वॉस्ट’, ‘ही वॉट’, भूतकाळी सर्व पुरुषांत ‘विस्ट’, धातुसाधित ‘विटिंग’, जे आज ‘अनविटिंगली’ या शब्दात शिल्लक आहे. तृतीय पुरुषी ‘वॉट’ला प्रत्यय नाही, कारण हे रूप मुळात वर्तमानकाळाचे नाहीच. ‘पाहिले आहे’ या अर्थाचे ते प्राचीन रूप ‘म्हणून आता जाणतो’ या अर्थावर स्थिरावले. आपणही ‘कळले’ म्हणताना रूप भूतकाळाचे वापरतो, पण कळलेले असणे आत्ताचे असते. इंग्रजीतील ‘ही कॅन’, ‘ही मे’, ‘ही शॅल’ यांना आजही प्रत्यय लागत नाही, त्याचे कारण हेच आहे.

मराठी वाचकाला यात परके काहीच नाही. जुन्या इंग्रजीतील ‘वात, वास्त, वात’ आणि संस्कृतातील ‘वेद, वेत्थ, वेद’ ही एकाच मुळाची रूपे आहेत. गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवान अर्जुनाला म्हणतात, ‘तान्यहं वेद सर्वाणि न त्वं वेत्थ परन्तप’. या अर्ध्या श्लोकात प्रथम आणि द्वितीय पुरुषाचा तक्ता आयता मिळतो.

आता मुद्द्यावर येतो. 1611 सालच्या किंग जेम्स बायबलात, उत्पत्तीच्या 39व्या अध्यायात, योसेफ पोटीफरच्या बायकोला सांगतो की घरात माझ्याजवळ काय आहे ते माझा धनी ‘वॉटेथ नॉट’. हे ‘वॉटेथ’ माझ्या मते उघड चूक आहे. जे रूप मुळातच तृतीय पुरुषाचे होते त्याला वर आणखी ‘एथ’ हा तृतीय पुरुषाचा प्रत्यय डकवला आहे. आपल्याकडे ‘पाहिजे’ला ‘ल’ जोडून ‘पाहिजेल’ म्हणतात, त्याच जातीचा हा प्रकार आहे. धर्मग्रंथात छापले गेले म्हणून ते तक्त्यात बसवू नये.

तळटीप

उंबरठा, दस्ताचा किस्सा बहारदार आहे, परंतु निकाल फार घाईने दिलात.

त्याच बायबलात, निर्गमाच्या 32व्या अध्यायात, लोक अहरोनाला म्हणतात की या मोशेचे काय झाले ते आम्ही जाणत नाही: ‘वुई वॉट नॉट’. हे अनेकवचन आपल्याला खटकले नाही असे दिसते. वास्तविक जुन्या इंग्रजीत एकवचनी ‘वात’ असले तरी अनेकवचनी ‘वितोन’ होते, आणि संस्कृतातही एकवचनी ‘वेद’ असले तरी अनेकवचनी ‘विद्म’ आहे. स्वराचा हा बदल हा या क्रियापदाचा कणाच होता. ‘वुई वॉट’मध्ये तो कणा मोडला आहे. व्युत्पत्तीच्या काट्यावर तोलायचे ठरवले, तर तेही ‘वॉटेथ’इतकेच अशुद्ध ठरते. एकाला अभय आणि दुसऱ्याला सुळी, हा न्याय कुठला?

शिवाय याच गटातल्या ‘डेअर’ला पूर्वी प्रत्यय लागत नव्हता आणि त्याचा भूतकाळ ‘डर्स्ट’ होता. आज ‘ही डेअर्स’ आणि ‘डेअर्ड’ म्हणणाऱ्याला कोणी अडाणी समजत नाही. ‘ओ’, म्हणजे ‘देणे लागणे’, हेही याच कुळातले. त्याचा जुना भूतकाळ ‘ऑट’ स्वतंत्र संसार थाटून बसला आणि मूळ क्रियापद निमूटपणे ‘ओज’ असे चालू लागले. शेक्सपिअरने ‘हेन्री द फिफ्थ’मध्ये ‘लिटल वॉट्स’ असे लिहिले आहे. तोही चुकला काय?

संस्कृताचा दाखला आपणच दिलात म्हणून सांगतो. पाणिनीने ‘वेद’ला जुने भूतकाळी रूप म्हणून वेगळे काढले नाही. ‘विदो लटो वा’ (3.4.83) या सूत्राने त्याने सांगितले की विद् धातूला वर्तमानकाळात भूतकाळाचे ते प्रत्यय विकल्पाने लागतात, म्हणजे ‘वेद’ही चालते आणि ‘वेत्ति’ही चालते. गीतेतच दुसऱ्या अध्यायात ‘य एनं वेत्ति हन्तारम्’ आहे. ‘वेत्ति’ हे साधा वर्तमानकाळी प्रत्यय घेतलेले रूप आहे, आणि नेमके तेच काम ‘वॉटेथ’ करते. एका भाषेत त्याला विकल्प म्हणायचे आणि दुसरीत अपराध, हे मला मान्य नाही.

नेकारकाठ

मी बारा वर्षे जर्मनीत राहते, तेव्हा जिवंत नातेवाइकाची साक्ष देते. जर्मनमध्ये हे क्रियापद रोजच्या वापरात आहे: ‘इश वाइस, दू वाइस्ट, एर वाइस’, आणि अनेकवचनी ‘विर विसन’. तृतीय पुरुषाला एरवी बहुतेक क्रियापदांत लागणारा ‘त’ इथे लागत नाही, आणि तळटीप यांनी सांगितलेला स्वरबदलही शाबूत आहे.

माझी मुलगी चार वर्षांची असताना ‘एर वाइस्त’ म्हणायची. तिने हे रूप कोणाकडून ऐकले नव्हते, इतर क्रियापदांवरून स्वतःच बनवले होते. बालवाडीतल्या बाईंनी तिला एकदाही टोकले नाही. त्या फक्त पुढच्या वाक्यात ‘एर वाइस’ असे म्हणत, आणि वर्षभरात तिची सवय आपोआप गेली. म्हणून मला उंबरठा यांचे म्हणणे अधिक पटते. अशी रूपे प्रत्येक पिढीत उगवतात, पण शब्द रोज कानांवर पडत असेल तर ती टिकत नाहीत. ‘वॉटेथ’ छापले गेले, कारण तोवर ‘जाणणे’ याच अर्थाच्या ‘नो’ या क्रियापदाने घर बळकावले होते आणि ‘ही वॉट’ म्हणणारा आवाज आसपास फारसा उरला नव्हता.

चतुःसीमा

पंचवीस वर्षे दस्त लिहिण्यात गेली, म्हणून माझे लक्ष पहिल्या परिच्छेदातच अडकले. ‘टु विट’ हा लॅटिन ‘स्किलिसेट’ आणि फ्रेंच ‘आ सावोआर’ यांचा इंग्रजी सोबती आहे. तिन्हींत ‘जाणणे’ आहे, आणि तिन्हींचा दस्तातला अर्थ ‘पुढे तपशील येत आहे’ एवढाच आहे. मराठीत त्या जागी ‘येणेप्रमाणे’ लिहावे. गंमत अशी की ‘येणे’ हे ‘याने’चे जुने रूपही बोलण्यातून केव्हाच गेले आहे आणि कागदावर मात्र ठाण मांडून आहे, त्यामुळे एका जीवाश्माला दुसरा जीवाश्म अगदी चपखल बसतो.

आणखी एक नोंद. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायाची सुरुवात 1611च्या भाषांतरात ‘वुई डू यू टु विट’ अशी आहे, म्हणजे ‘आम्ही तुम्हांस जाणते करतो’. 1881च्या सुधारित आवृत्तीत ती काढून साधे ‘मेक नोन’ घातले गेले. मला विचाराल तर त्या ओळीला जुन्या मराठी पत्रांतले ‘विदित व्हावे’ हे शब्द शोभतील, आणि त्यातला धातूही तोच आहे.

उंबरठा

चतुःसीमा, ‘येणेप्रमाणे’ तर्जुम्यात घातले. आभारी आहे.

तळटीप, ‘वुई वॉट’बद्दलचा आक्षेप मान्य आहे, माझ्या तक्त्यातून तो तपशील निसटला होता. परंतु दोन्ही बदल एका पारड्यात घालता येत नाहीत. एकवचनाचा स्वर अनेकवचनाला देणे हे या गटात इतरत्रही घडले. ‘कॅन’चेही अनेकवचन पूर्वी निराळ्या स्वराचे होते आणि आज ते एकवचनासारखेच आहे. म्हणजे कुटुंबाने आपल्याच चालीने केलेली ती आवराआवर होती. ‘कॅन’ला तृतीय पुरुषाचा प्रत्यय मात्र कोणी लावला नाही. ‘डेअर’चे उदाहरण जोरकस आहे, हे नाकारत नाही, पण तिथे वर्तमान आणि भूत दोन्ही बदलले आणि क्रियापद नव्या रुळांवर धडपणे चालू लागले. इथे ‘वॉटेथ’ आले, तरी भूतकाळ जुनाच राहिला. लूकच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू आईबापांना ‘विस्ट यी नॉट’ असेच विचारतो. एक पाय जुन्या पायरीवर आणि एक नव्या, अशा अवस्थेला मी विकल्प म्हणत नाही.

विस्मरण कुठवर गेले होते याचा पुरावाही आहे. ‘इविस’ हे ‘खचित’ या अर्थाचे जुने अव्यय होते. पुढे कोणीतरी ते ‘आय विस’ असे तोडून वाचले, त्याचा अर्थ ‘मी जाणतो’ असा लावला, आणि कधीच नसलेले ‘विस’ हे क्रियापद कवितांत मिरवू लागले. ‘वॉटेथ’ ही त्याच उतारावरची वरची पायरी आहे.

तळटीप

‘विस’ला आधार म्हणून घेऊ नका. तिथे क्रियापद नव्हते, ते वाचणाऱ्याने कल्पिले. ‘वॉटेथ’ लिहिणाऱ्याला क्रियापद ठाऊक होते, त्याचा अर्थ ठाऊक होता, आणि ते वर्तमानकाळी आहे हेही ठाऊक होते. म्हणूनच तर त्याने वर्तमानकाळाचा प्रत्यय लावला. विसरला असता तर त्याने सरळ ‘नोएथ’ लिहिले असते, जे त्याच ग्रंथात पानोपानी आहे. नेकारकाठ यांच्या मुलीने ‘एर वाइस्त’ म्हटले ते जर्मन येत नव्हते म्हणून नव्हे, येत होते म्हणूनच.

अर्धवट बदलाचे म्हणाल, तर ‘वेत्ति’ आले म्हणून ‘वेद’ गेले नाही. दोन्ही एकाच गीतेत नांदतात. माझ्या तक्त्यात तृतीय पुरुषापुढे ‘वॉट’ राहील आणि त्याखाली ‘वा वॉटेथ’.

उंबरठा

माझ्याही तक्त्यात राहील, पण कंसात, आणि शेजारी 1611 हे साल टाकून. ‘वा’ लिहायला माझा हात अजून धजत नाही.