कुत्र्यांसह आरव्हीतून अमेरिका ओलांडताना : आपापले अनुभव लिहावेत

पूर्वकिनारा

गेल्या शनिवारी आम्ही आमची आरव्ही, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली घरगाडी, विकली. ती घ्यायला आलेल्या गृहस्थांनी इंजिन पाहिले, छताच्या कडा अंगठ्याने दाबून पाहिल्या, टायरवरची तारीख वाचली आणि मग जेवणाच्या बाकाजवळच्या खिडकीखाली लाकडावर पडलेल्या खोल ओरखड्यांपाशी थांबून "हे काय आहे?" असे विचारले. "साउथ डकोटा," नवरा म्हणाला. त्यांना काही उलगडा झाला नाही. मला मात्र २०१९ चा अख्खा उन्हाळा आठवला, म्हणून हा धागा.

न्यू जर्सीहून निघून ओरेगॉनचा किनारा गाठायचा आणि दक्षिणेच्या रस्त्याने परतायचे, असा बेत होता. सोबत दोन कुत्री होती : भुऱ्या हा आठ वर्षांचा लॅब्रडॉर, आणि शेल्टरमधून आणलेली काळी ठमी, जिच्या कुळाबद्दल कोणीच खात्रीने काही सांगितले नव्हते. गाडी चोवीस फुटी, क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली. चोवीस फूट ऐकायला ऐसपैस वाटतात. पण चौघांपैकी एकाने कूस बदलली की उरलेल्या तिघांना सरकावे लागते, हे पेनसिल्व्हेनिया संपायच्या आत समजले.

साउथ डकोटातल्या बॅडलँड्स नॅशनल पार्कमध्ये प्रेअरी डॉग नावाच्या प्राण्यांची मोठी वसाहत आहे. नावात डॉग असला तरी ते खारीच्या कुळातले. बिळाच्या तोंडाशी उभे राहून शिट्टीसारखा आवाज काढतात आणि तुमच्या कुत्र्याने पाहिले रे पाहिले की आत गडप होतात. त्यांच्या पिसवांतून प्लेगचा धोका असतो, त्यामुळे कुत्र्यांना खाली उतरवण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही खिडकी बंद ठेवून दहा मिनिटे थांबलो आणि त्या दहा मिनिटांत ठमीने खिडकीखालचे लाकूड सोलून काढले.

पण मला खरे तर सांगायचे आहे ते पुढचे. बहुतेक नॅशनल पार्कांत कुत्र्यांना सहा फुटांच्या पट्ट्याने बांधून फक्त रस्ता, पार्किंग आणि कॅम्पग्राउंड एवढ्याच भागात नेता येते. यलोस्टोनमध्ये तर रस्त्यापासून शंभर फुटांपलीकडे त्यांना नेता येत नाही आणि उष्ण झऱ्यांभोवतीच्या लाकडी वाटांवर मुळीच येऊ देत नाहीत. तिथल्या ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या उसळत्या कारंज्याच्या दोन उसळ्यांमध्ये साधारण दीड तास जातो. पहिली उसळी नवऱ्याने पाहिली तेव्हा मी पार्किंगमध्ये दोन पट्टे धरून उभी होते. दुसरी मी पाहिली तेव्हा तो उभा होता. ओल्ड फेथफुल आम्ही दोघांनीही पाहिला, पण एकत्र पाहिला नाही, आणि कोणाचा जास्त उंच उडाला यावर आजही वाद होतो. सबंध देश आम्ही असा पाळीपाळीने पाहिला.

ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी जरूर लिहावे. रस्त्यांची यादी नको, कुत्र्यांमुळे काय घडले ते हवे.

निवडुंग

मोठ्या दातांचा कंगवा. बाकी सगळे घरी विसरलात तरी चालेल.

ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटजवळ ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याच्या मोकळ्या जमिनीवर आम्ही मुक्काम केला होता. तेथे चोला नावाचा निवडुंग असतो, ज्याचे तुकडे नुसता स्पर्श होताच सुटून अंगाला चिकटतात. तो उडी मारतो असे लोक म्हणतात ते यामुळेच. काट्यांची टोके उलट्या दिशेने आकड्यासारखी असल्याने ओढल्यावर ते आणखी रुततात. आमच्या कुत्र्याच्या पंजात एक तुकडा रुतला, तो त्याने तोंडाने काढण्याचा प्रयत्न केला, आणि मग पंजा व जीभ असे दोन रुग्ण झाले. शेजारच्या गाडीतल्या एका वृद्ध बाईंनी न बोलता कंगवा आणला, माझ्या नवऱ्याला कुत्र्याचे डोके घट्ट धरायला लावले, दात तुकड्याखाली सारले आणि एका झटक्यात तो पार दहा फूट लांब उडवला. त्या त्यांचा कंगवा परत न घेताच निघून गेल्या. जिभेतले काटे मात्र पशुवैद्यांकडे जाऊनच काढावे लागले.

खिडकीशेजारी

पूर्वकिनारा ताई, पाळीपाळीने देश पाहिला हे वाक्य मी बायकोला वाचून दाखवले. ती म्हणाली, तुझी पाळी नेहमी आधी असायची. असो.

आमचा अनुभव विजेचा आहे, आणि दोष पूर्णपणे आमचाच होता. कॅम्पग्राउंडवर तीस अँपिअरची जोडणी घेतली की गाडीत एकूण सुमारे ३,६०० वॅट मिळतात. त्यातले निम्म्याच्या आसपास एसी खातो. त्या दुपारी पाणी तापवायचा हीटर गॅसऐवजी विजेवर ठेवलेला होता, फ्रिजही विजेवर होता, हे आमच्या लक्षात राहिले नाही. कुत्र्याला गार हवेत झोपवून आम्ही दोघे कॅम्पग्राउंडच्याच दुसऱ्या टोकाला कपडे धुवायला गेलो. "एकदा तरी दोघे बरोबर जाऊ" असे म्हणून गेलो, हे मुद्दाम नमूद करतो.

गाडीत तापमान मोजणारे एक यंत्र बसवले होते, जे मोबाइलच्या जाळ्यावरून संदेश पाठवते. पहिला संदेश आला तेव्हा मी यंत्रणाच बिघडली असेल असे समजलो. दुसऱ्या संदेशाला आत ९१ अंश फॅरनहाइट झाले होते. ओल्या कपड्यांची बादली तेथेच टाकून आम्ही पळालो. खांबावरचा ब्रेकर पडला होता. कुत्रा दारात नव्हता, पलंगावर नव्हता, हाक मारली तरी येईना, आणि त्या दहा-पंधरा सेकंदांत माझ्या मनात काय काय येऊन गेले ते लिहीत नाही. तो न्हाणीघरात शॉवरच्या ट्रेमध्ये पसरला होता, सकाळच्या अंघोळीचे उरलेसुरले पाणी पोटाखाली घेऊन. आम्हाला पाहून त्याने फक्त शेपटी एकदा आपटली.

त्यानंतरचे दोन महिने आमच्यापैकी एकजण कायम गाडीपाशी राहिला. कपडे धुण्यासारख्या कामातही आमच्या पाळ्या लागल्या.

वाटाड्या

ठमीला गॉगल होता का? थट्टा नाही. मोटारीतून अमेरिका आडवी ओलांडणारा पहिला कुत्रा गॉगल घालून गेला होता. १९०३ साली होरेशिओ नेल्सन जॅक्सन या डॉक्टरांनी पन्नास डॉलरची पैज घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून न्यू यॉर्क गाठले. बरोबर सूअल क्रॉकर हा मेकॅनिक होता, आणि वाटेत आयडाहोत त्यांनी बड नावाचा एक बुलडॉग पंधरा डॉलरला विकत घेतला. विंटन कंपनीच्या त्या मोटारीला ना छप्पर होते ना समोरची काच, आणि वाटेतल्या खारट धुळीने बडचे डोळे सुजत, म्हणून त्यालाही माणसांसारखे गॉगल चढवले गेले. २३ मे रोजी निघालेले हे त्रिकूट २६ जुलैला, म्हणजे त्रेसष्ट दिवसांनी पोहोचले. आमच्यासारख्यांचे अर्धे वेळापत्रक कुत्र्याच्या शी-शूवर ठरते, हे धरूनही मला तो आकडा थक्क करतो.

ती मोटार आणि बडचे गॉगल वॉशिंग्टनच्या नॅशनल म्यूझियम ऑफ अमेरिकन हिस्टरीत आहेत. आम्ही प्रवासाच्या शेवटी मुद्दाम तेथे गेलो. अर्थातच आमच्या बुलडॉगला आत प्रवेश नव्हता. मी पाहून आलो, मग पत्नी पाहून आली; तो बाहेर बाकाखाली घोरत होता.

ढगफुटी

ओक्लाहोमात आय-४० हायवेलगत एका कॅम्पग्राउंडवर रात्री साडेनऊला भोंगे वाजू लागले. हवामानाचा रेडिओ सुरू केला तर टोर्नेडोचा इशारा अमुक काउंटीला (म्हणजे जिल्ह्याला) आणि तमुक काउंटीला असे सांगत होता, आणि आम्ही कोणत्या काउंटीत उभे आहोत याचा आम्हा दोघांनाही पत्ता नव्हता. स्थानिक माणसाला ही नावे आपल्या आडनावासारखी पाठ असतात. वाटसरूला हायवेचा क्रमांक ठाऊक असतो, आणि तो अशा वेळी निरुपयोगी असतो.

आरव्हीत बसून राहणे म्हणजे डब्यात बसून राहणे. सगळे जण शॉवरच्या पक्क्या इमारतीकडे धावले. आत सुमारे तीस माणसे, अकरा कुत्री (मी मोजली, दुसरे करण्यासारखे काही नव्हते) आणि पिंजऱ्यातले एक मांजर असा दाटीवाटीचा मामला होता. एरवी आमची कुत्री दुसरे कुत्रे रस्त्यापलीकडून दिसले तरी थयथयाट करते. त्या पाऊण तासात अकराही कुत्री एका शब्दाने भुंकली नाहीत. वादळ आमच्यापासून दूर सरकले, कोणीतरी दार उघडले, आणि पायरी उतरताक्षणी सगळ्यांची एकाच वेळी भांडणे जुंपली.

पूर्वकिनारा

ढगफुटी, हे फार महत्त्वाचे लिहिलेत. आम्हालाही काउंटीचा धडा असाच मिळाला होता, फक्त गारांच्या इशाऱ्यावर. त्यानंतर दर मुक्कामी गाडी समतल केली की लगेच काउंटीचे नाव कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवण्याचे काम माझ्याकडे आले.

चाकोरी

आम्ही सप्टेंबरात निघणार आहोत. गाडी चालू असताना कुत्र्यांना मोकळे ठेवता की बांधता? आमचा कुत्रा बांधले की रडतो.

कासवगती

चाकोरी, रडू द्या, पण बांधा.

आम्ही वायोमिंगमध्ये आय-८० वरून जात होतो. लॅरमी आणि रॉलिन्स यांच्या दरम्यान वारा इतका असतो की उंच पण वजनाने हलक्या गाड्यांना कधीकधी रस्ता बंदच करतात. आम्ही गेलो तेव्हा बंद नव्हता, नुसता इशारा होता. एका झोतासरशी गाडी तिरकी झाली, मागचे कपाट उघडले आणि वीस पौंडांचा खाद्याचा डबा जमिनीवर उपडा झाला. आमची लॅब्रडॉर कुत्री मोकळी होती. मला सुकाणू सोडता येईना, बायकोला सीटबेल्ट काढून मागे जाता येईना, आणि पुढचा एक्झिट कित्येक मैल दूर होता. मागून येणारा तो कुरकुर आवाज आम्ही असहायपणे ऐकत राहिलो. गाडी थांबवली तेव्हा जमीन पुसल्यासारखी स्वच्छ होती. ती रात्र आम्ही जनावरांच्या इस्पितळाच्या पार्किंगमध्ये काढली, हे सुदैवाने फक्त खबरदारी म्हणून. आता तिचा हार्नेस बाकाच्या सीटबेल्टला अडकवलेला असतो आणि डब्याला तीन कड्या आहेत.

दुसरा मुद्दा घड्याळाचा, ज्याची आम्हाला कोणीच कल्पना दिली नव्हती. पश्चिमेकडे जाताना तीनदा घड्याळ मागे जाते, पण कुत्र्याचे पोट मागे जात नाही. घरी पहाटे सहाला नाश्ता मागणारी ही बाई कॅलिफोर्नियात पहाटे तीनला छातीवर उभी राहू लागली. येताना ते सुधारेल असे वाटले होते. परंतु एव्हाना ती तिकडच्या वेळेला सरावली होती, त्यामुळे मेरीलँडमध्ये नऊ वाजले तरी तिला उठवावे लागे.

त्यावरून आठवले : बाल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांतून मोठ्या सिलिंडरचा प्रोपेन नेण्यास मनाई आहे, आणि आरव्हीत तो असतोच. पूर्वी अशा गाड्या फ्रान्सिस स्कॉट की ब्रिज या पुलावरून जात. मार्च २०२४ मध्ये तो पूल जहाजाच्या धडकेने कोसळल्यापासून शहराला पश्चिमेकडून वळसा घालावा लागतो. कुत्र्याला शेवटचे कोठे उतरवायचे ते हा वळसा आणि तिथली गर्दी धरूनच ठरवा. आम्ही धरली नव्हती.

सावलीचे झाड

मी एरवी फक्त वाचते, पण पाळीपाळीच्या गोष्टीवरून लिहावेसे वाटले. आमची चेरी तेरा वर्षांची होती आणि तिच्या प्लीहेवर गाठ असल्याचे निदान झाले होते. शस्त्रक्रिया न करता आम्ही गाडी भाड्याने घेतली. लोकांनी वेड्यात काढले.

न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स नॅशनल पार्कमध्ये कुत्र्यांना पट्ट्यासह टेकड्यांवरही जाता येते, असे वाचून तो मुक्काम ठरवला. शेजारीच क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांचे क्षेत्र आहे. चाचणी असली की रस्ता आणि पार्क काही वेळ बंद ठेवतात. आम्ही नेमके तेव्हा पोहोचलो. दोन तास फाटकाबाहेर रांगेत थांबलो, चेरी टेबलाखाली झोपली होती, आणि तिला उठवून परत फिरावे का यावर आमचे थोडे भांडणही झाले.

तेथील वाळू जिप्समची असते, त्यामुळे ती उन्हातही इतर वाळूसारखी तापत नाही. मी आधी हात ठेवून पाहिला, मग तिला उतरवले. तोपर्यंतच्या पाच आठवड्यांत आम्ही दोघे कोणत्याही प्रेक्षणीय स्थळी एकत्र चाललो नव्हतो. येथे तिघे निघालो. ती शंभरेक पावले चालली, बसली, आणि पुढचे चढण नवऱ्याने तिला उचलून पार केले. वर पोहोचल्यावर तिने खड्डा खणायला घेतला. वर्षभरात तिला खणताना पाहिले नव्हते.

छायाचित्र एकही धड आले नाही, कारण काढायला तिसरे माणूस नव्हते.

पूर्वकिनारा

झाड ताई, तुमचे लिहिणे नवऱ्याला वाचून दाखवू लागले, पण शेवटचा परिच्छेद त्याच्या हाती दिला. आम्ही व्हाइट सँड्सपासून तासाभराच्या अंतरावरून गेलो होतो, आणि कुत्र्यांना चालते हे ठाऊक नसल्यामुळे वळलो नाही.

काल गाडी घेतलेल्या गृहस्थांचा फोन आला. त्यांनी पहिल्यांदाच हीटर सुरू केला, तर खालच्या झरोक्यांतून केसांचे पुंजके उडून सगळ्या गाडीभर झाले. मी क्षमा मागितली आणि केस काळे आहेत की पिवळे असे विचारले. पिवळे, असे ते म्हणाले. भुऱ्या २०२२ साली गेला.

निवडुंग

त्या गृहस्थांकडे कुत्रा आहे का? असल्यास त्यांना कंगव्याचे सांगायला विसरू नका.