मदत हवी आहे: फीडबॅकची कार्यशाळा झाली, पण वॉर्डात फरक दिसत नाही

विभागातल्या 14 शिक्षकांसाठी क्लिनिकल टीचिंगची (रुग्णांजवळ शिकवण्याची) दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. ‘वन मिनिट प्रिसेप्टर’ (विद्यार्थ्याला आधी त्याचं मत, मग त्यामागचं कारण विचारून फीडबॅक देण्याची छोटी पद्धत) हिच्या पाचही पायऱ्या रोल प्लेमध्ये सगळ्यांना छान जमल्या. तीन महिन्यांनी राउंडला मागे उभी राहिले, तर विद्यार्थ्याने निदान सांगताच सर बरोबर उत्तर देऊन पुढच्या खाटेकडे. ‘तुला असं का वाटलं?’ हा प्रश्नच गायब. विद्यार्थी वहीत उत्तर उतरवतो, संपलं. तो विचार कसा करतो हे कळायची तीच तर जागा असते, म्हणून फार वाईट वाटतं.

खिशात ठेवायची कार्डं दिली, उजळणीचं सत्रही घेतलं. कार्यशाळेनंतरचे फॉर्म उत्तम आहेत, पण प्रशिक्षणाचा परिणाम मोजायच्या कर्कपॅट्रिकच्या चार पातळ्यांतली ती पहिलीच, म्हणजे नुसती प्रतिक्रिया; मला तिसरी, म्हणजे वागण्यातला बदल हवाय.

आता सहकाऱ्यांनीच एकमेकांचं शिकवणं पाहावं असा विचार आहे. ओपीडीमुळे आठवड्याला 15 मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळणार नाही. नोंदी मूल्यमापनात जाणार नाहीत हे प्रमुखांनी मान्य केलंय, तरी ज्येष्ठांना ही तपासणीच वाटते.

ज्यांनी असं निरीक्षण चालवलंय त्यांनी कृपया सांगा: पहिली जोडी कोणाची लावलीत, आणि निरीक्षणाच्या कागदावर नेमके कोणते दोन-तीन मुद्दे ठेवलेत?