फक्त मुलींची, फक्त मुलांची की को-एड? शाळेचे अनुभव सांगा

लेकीची पाचवीची ॲडमिशन घ्यायचीय. एक शाळा फक्त मुलींची, दुसरी को-एड, दोन्ही बऱ्या. नवरा म्हणतो मुलींच्या शाळेत मोकळी वाढेल, मला वाटतं पुढे कॉलेजात बुजेल. रिझल्ट काय कुठेही कळतात, बाकीचं सांगा.

---

दहावीपर्यंत मुलींची शाळा. गॅदरिंगला बेंच वाहायला, लॅबमधली वायर सुटली तर स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायला आम्हीच, दुसरं होतं कोण! अकरावीला को-एडमध्ये गेले आणि पहिल्याच फिजिक्स प्रॅक्टिकलला एकाने सर्किट स्वतःकडे ओढलं आणि मला म्हणतो तू रीडिंग लिही, तुझं अक्षर छान असेल. अक्षर बघितलंही नव्हतं त्याने. मी सरळ वायर ओढून घेतली. पण ज्या मुली आधीपासून को-एडला होत्या त्या कोणी न सांगता पेन काढून बसल्या होत्या, ते जास्त खटकलं.

---

मी मुलांच्या शाळेत. खेळात ढ, आवाज बारीक, त्यामुळे नाटकात बाईचं काम कायम माझ्या गळ्यात, आणि नाटक संपलं तरी वर्षभर त्याच नावाने हाका, सर लोकंही हसायचे. सगळेच मुलगे असले की त्यातलाच एक मुलगी ठरवला जातो. मुलांच्या शाळेतले कॉलेजात मुलींशी बोलायला घाबरतात म्हणे, मला तर हुश्श झालं.

---

पॅडचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मुलींच्या शाळेत पार मागच्या बाकावर ओरडून विचारायचो, एक्स्ट्रा आहे का गं? नंतर को-एडला गेले तर तेच पॅड वहीत, वही दप्तरात, दप्तर पोटाशी धरून वर्गाबाहेर.

---

आमची को-एड नावालाच. मुली डावीकडे, मुलं उजवीकडे, दंगा केला की शिक्षा काय तर मुलींच्या बाकावर बसायचं. मी बरेचदा बसलोय. जिच्या शेजारी बसणं ही शिक्षा, तिला काय वाटत असेल हे ना बाईंच्या डोक्यात आलं ना आमच्या.

---

मी शिक्षिका, दोन्हीकडे शिकवलंय. २०१४ साली २१ देशांतल्या मिळून साधारण १६ लाख विद्यार्थ्यांवरचे अभ्यास एकत्र करून बघितले होते, त्यातले जे नीट काळजी घेऊन केलेले होते त्यांत को-एड आणि मुलामुलींच्या वेगळ्या शाळा यांच्यात मार्कांचा फरक नगण्य निघाला. वेगळ्या शाळांचे रिझल्ट चांगले दिसतात कारण बरेचदा तिथे मुलं निवडूनच घेतात, पालकही आधीपासून मागे लागलेले असतात. आता दक्षिण कोरियात सोलला बरीच वर्षं हायस्कूल लॉटरीने मिळायचं, म्हणजे निवडीचा प्रश्न नाही, तरी तिथे वेगळ्या शाळांतल्या मुलामुलींना कॉलेज प्रवेश परीक्षेत जास्त मार्क मिळालेले दिसले, त्यामुळे छातीठोकपणे सांगणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नका. को-एड वर्गात मला दिसलेली गोष्ट छोटी आहे. प्रश्न विचारला की दोन-तीन मुलगे हात वर न करताच उत्तर ओरडतात आणि आपण घाईत 'बरोबर' म्हणून पुढे जातो. मी मनात पाच आकडे मोजून मग नाव घ्यायला लागले तर ज्यांचा आवाज कधी ऐकला नव्हता अशा मुली बोलायला लागल्या, आणि काही गप्प मुलगेपण. शाळा बघायला जाल तेव्हा चालू वर्गाच्या दारात दहा मिनिटं उभं राहू देतात का विचारा.

---

आमची मुलांची शाळा मी आठवीत असताना को-एड झाली. हौसेने ॲडमिशन दिल्या पण मुलींचं टॉयलेटच नव्हतं. स्टाफचं वापरायचं, त्याची किल्ली ऑफिसात, दरवेळी क्लार्ककाकांकडे मागायची आणि ते सगळ्यांसमोर विचारणार, आत्ताच तर नेली होती ना? दोघीतिघी पाणीच प्यायच्या नाहीत शाळेत. टॉयलेट बांधलं शेवटी, पण आमची बॅच तोवर दहावी होऊन बाहेर पडली होती.