गेटचा फोन का तुटतो

बी-३०२: काल रात्री सव्वानऊला ए-२०३ च्या आजींसाठी ऑक्सिजन सिलिंडर आलं. वॉचमनदादाने गेटवरून फोन लावला, तर "ह... सिलिं... ए..." एवढंच ऐकू आलं. माणूस दहा मिनिटं गेटवर उभा. मला राहवलं नाही, रात्रीच ऑफिसात जाऊन बसलो.

फोन चांगला आहे. तो इंटरनेटवरून चालतो आणि त्याच लाइनवर ऑफिसचा कॉम्प्युटर नऊ वाजता कॅमेऱ्यांचा बॅकअप चढवतो. बॅकअप थांबवला की आवाज स्वच्छ, सुरू केला की तुटतो. तीनदा करून पाहिलं.

सी-१०१: मग मोठा प्लॅन घेऊ ना भाऊ.

बी-३०२: ताई, एका कॉलला जेमतेम ९० केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ९० किलोबिट, एवढाच वेग लागतो. अडचण वेळेची आहे. फोन दर २० मिलिसेकंदांच्या आवाजाचं एक पाकीट करतो, सेकंदाला ५०. बॅकअपच्या ढिगामागे अडकून पाकीट उशिरा पोचलं, की पलीकडचा फोन ते टाकून देतो. फाइलचा तुकडा हरवला तर पुन्हा पाठवता येतो. शब्द पुन्हा पाठवून काय करणार, बोलणं तोवर पुढे गेलेलं असतं.

ए-१०४: आम्ही रेल्वेच्या कंट्रोलला असताना मालगाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर घ्यायचो आणि मेलगाडी आधी काढायचो.

बी-३०२: नाना, अगदी तेच करायचंय! पण आधी मेल कुठली आणि माल कुठली हे ओळखता आलं पाहिजे. त्यासाठी व्हीलॅन, म्हणजे एकाच केबलवर दोन वेगळी नेटवर्क. केबल तीच, पण फोनची पाकिटं २० नंबरच्या नेटवर्कमध्ये, कॉम्प्युटरची १० नंबरच्या. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला तरी फोनपर्यंत सरळ पोचत नाही.

मात्र नुसत्या व्हीलॅनने आवाज सुधारणार नाही, हे आधीच सांगतो. गर्दी होते ती राउटरमधून बाहेर पडताना. तिथे फोनची पाकिटं आधी सोडायची आणि एकूण अपलोडचा (बाहेर जाणाऱ्या डेटाचा) वेग लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडा खाली बांधायचा. नाहीतर रांग पुढच्या मोडेममध्ये लागते, तिथे आपलं काही चालत नाही.

सेक्रेटरी: नवीन काय घ्यावं लागेल?

बी-३०२: फक्त नेटवर्कचा स्विच, म्हणजे सगळ्या केबल जिथे जोडतात तो डबा. आताचा ८ पोर्टचा साधा आहे, त्यात व्हीलॅनची सेटिंगच नाही. मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा हवा, आणि पीओईवालाच (नेटवर्कच्या केबलमधून वीजही देणारा), कारण गेटचा फोन वीजही त्याच केबलमधून घेतो. राउटरमध्ये या सगळ्याची सोय आहे, पाहिली मी. टेबलावरच्या फोनमागे कॉम्प्युटर जोडलाय तो तसाच राहू द्या, वायर ओढायची नाही.

ए-१०४: स्विच येईपर्यंत बॅकअप रात्री दोनला लाव.

बी-३०२: लावला नाना, आत्ताच. स्विच शनिवारपर्यंत आला तर रविवारी सकाळी सातला बसवतो, ऊन चढायच्या आत. अर्धा तास फोन बंद राहील, वॉचमनदादाकडे माझा मोबाइल नंबर लिहून दिलाय.

ए-२०३: भाऊ, सातला आईकडे सिस्टर येते. तिला गेटवरून फोन लागतो. साडेआठला जमेल का?

बी-३०२: साडेआठला करतो ताई. सिस्टर वर पोचल्या की मला सांगा, मगच केबल काढेन.