कमेंट म्हणजे टिप्पणी, शेरा की अभिप्राय?

महालकर:
आमच्या ट्रस्टच्या ऑफिसात आता पत्रं, ठराव, वार्षिक अहवाल सगळं गूगल डॉक्सवरच होऊन राहिलंय, आणि मेनू मराठीत करून ठेवलेत कारण दोघातिघांना इंग्रजी मेनू पाहिला की टेन्शन येतं. परवा सेक्रेटरी साहेबांनी ग्रुपवर टाकलं, "मसुद्यावर टिप्पणी करा." नवीन आलेल्या मुलीनं अख्खं पान टाइप करून जोडलं, विषय, संदर्भ, परिच्छेद क्रमांक, शेवटी "मान्यतेसाठी सादर". ती आधी सरकारी ऑफिसात कंत्राटी होती, तिथं टिप्पणी म्हणजे हेच. साहेबांना पाहिजे होती बाजूची छोटी कमेंट. मेनूतही कमेंटला टिप्पणीच लिहिलेलं, मग तिला काय बोलणार? सांगा बरं, या कमेंटला ऑफिसच्या मराठीत नेमकं काय म्हणायचं?

निवृत्त अव्वल कारकून:
मुलीचं बरोबर आहे. कचेरीत फाइलीचे दोन भाग असतात, टिपणी भाग आणि पत्रव्यवहार भाग. टिपणी (टिप्पणीही लिहितात, दोन्ही चालतं) म्हणजे प्रकरण काय, नियम काय, आधी काय झालं आणि आता काय करावं हे खालच्यानं मांडून वर पाठवायचं, त्याखाली प्रत्येकाची सही आणि तारीख, आणि ती कायमची फाइलीत राहते, कुणी पान काढलं तर चौकशी लागते. तुमच्या स्क्रीनवर उजवीकडे येते ती समासातली नोंद झाली. मसुदा टाइप करताना आम्ही डावीकडे मोठा समास सोडायचो तो त्यासाठीच, साहेब तिथं "आकडा तपासा", "चर्चा करा" असं लिहायचे. त्याला शेरा म्हणतात. "चर्चा करा" या दोन शब्दांवर फाइल किती दिवस पडून राहायची ते विचारू नका.

मिहानवाला:
काका शेरा पटतो पण एक अडचण आहे, आजच्या पोरांना शेरा म्हटलं की प्रगतिपुस्तक आठवतं नाहीतर शेरेबाजी. कुणी माझ्या डॉक्युमेंटवर "शेरा मारला" असं ऐकलं तर मला वाटेल खोचक काहीतरी लिहिलंय. अजून एक फरक आहे, टिपणी कायम राहते म्हणता, इथं कमेंटला रिझॉल्व्ह केलं की ती समोरून जाते. डिलीट होत नाही, सगळ्या कमेंट्सच्या यादीत सापडते आणि परत उघडता येते, पण पानावर दिसत नाही.

निवृत्त अव्वल कारकून:
मग त्याला "निकाली काढणे" म्हणा, शब्द तयार आहे. निकाली निघालेलं प्रकरणही अभिलेख कक्षात असतंच की, मागवलं तर मिळतं.

वऱ्हाडी माणूस:
काहून एवढं डोकं लावून राहिले राजेहो, कमेंटले कमेंट म्हना ना, फेसबुकवर सारे म्हनतेच. मले तर दुसराच प्रश्न पडते. एडिटले संपादन कोन म्हनते? संपादन म्हटलं का मले पेपरचा संपादक दिसते. आमच्याकडे कोनी म्हनत नाही का "भाऊ थोडं संपादन करून द्या", म्हनतात "जरा दुरुस्त करून द्या".

निवृत्त अव्वल कारकून:
भाऊ तुमचा मुद्दा चांगला आहे, पण दुरुस्ती म्हटलं की आधीचं चुकीचं होतं असं होतं. शासन निर्णयात चूक राहिली तर शुद्धिपत्रक निघतं, तिथं दुरुस्ती बरोबर. नुसता मजकूर वाढवला-कमी केला तर बदल. कागदावर ब्लेडनं खरवडून वर लिहिलं तर ती खाडाखोड, आणि खाडाखोडीवर सही नसली तर तो कागद आम्ही परत करायचो. फेरफार मात्र जपून वापरा, महसूलवाल्याला तो शब्द ऐकला की गाव नमुना सहाच दिसतो, म्हणजे जमिनीच्या हक्कातले बदल लिहायची नोंदवही.

मिहानवाला:
थांबा थांबा, फेरफारवरून भारी आठवलं. डॉक्समध्ये तीन मोड असतात, एडिटिंग, सजेस्टिंग आणि व्ह्यूइंग. सजेस्टिंग २०१४ मध्ये आलं, त्याआधी जो तो थेट मूळ मजकुरातच हात घालायचा. सजेस्टिंगमध्ये तुम्ही लिहिलेलं रंगीत दिसतं, खोडलेल्यावर रेघ येते, पण एडिटरनं मान्य केल्याशिवाय ते पक्कं होत नाही. हे डिट्टो फेरफारच आहे ना? तलाठी नोंद धरतो, नोटीस निघते, हरकत घ्यायला मुदत असते, आणि मंडळ अधिकाऱ्यानं प्रमाणित केल्यावरच सातबाऱ्यावर चढतं.

निवृत्त अव्वल कारकून:
हे मात्र आवडलं. मान्य आणि अमान्यही तिथलेच शब्द.

बर्डीची ताई:
मी अकाउंट्सला आहे, आमच्याकडे खरा गोंधळ शब्दाचा नाही, परमिशनचा आहे. शेअर करताना व्ह्यूअर, कमेंटर, एडिटर यातलं काय निवडायचं ते कुणालाच समजत नाही, मग सगळ्यांना एडिटर देऊन टाकतात आणि कुणीतरी कोटेशनच्या टेबलातली ओळ उडवतं. मी सोपं केलंय. फाइल मार्क करताना आपण जे लिहितो तेच विचारायचं, हे अवलोकनार्थ पाठवतोय का अभिप्रायार्थ? अवलोकनार्थ असेल तर व्ह्यूअर, अभिप्रायार्थ असेल तर कमेंटर. कमेंटरला मूळ मजकूर बदलता येतच नाही, त्यानं मध्येच टाइप केलं तरी ते सुचवलेला बदल म्हणूनच पडतं. आमच्या पंचावन्न वर्षांच्या हेडक्लार्कला हे एका मिनिटात समजलं, ज्यांना मी आधी महिनाभर समजावत होते.

म्हणून महालकर भाऊ, तुमच्या प्रश्नाला माझं मत अभिप्राय. शेरा साहेबाचाच असतो, वरून खाली येतो. अभिप्राय कुणीही कुणाला देऊ शकतो, आणि डॉक्समध्ये शिपायाची कमेंट आणि अध्यक्षांची कमेंट एकाच साइजची दिसते.

निवृत्त अव्वल कारकून:
अवलोकनार्थ-अभिप्रायार्थ, वा ताई. हे शब्द काही आभाळातून पडले नाहीत. जुन्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर असताना डॉ. रघुवीर इथं राहून कारभाराची परिभाषा घडवत होते, त्यातले कित्येक शब्द जड म्हणून लोकांनी टाकलेही. मग महाराष्ट्राचं भाषा संचालनालय १९६० मध्ये निघालं, पदनाम कोश १९६२ मध्ये आणि शासन व्यवहार कोश १९७३ मध्ये आला. मेनूचं भाषांतर करणाऱ्यांनी तो नुसता चाळला असता तरी बरंच निभावलं असतं.

एक विचारतो. नातवाच्या कंपनीच्या कागदावर वर "अनामिक" असं काहीतरी जनावराचं नाव दिसत होतं, ते काय?

मिहानवाला:
काका, लिंक ज्याच्याकडे आहे त्या कुणालाही उघडता येईल असं शेअर केलं आणि समोरचा लॉगिन न करता आला, की त्याच्या जागी प्राण्याचं नाव आणि चित्र येतं.

निवृत्त अव्वल कारकून:
म्हणजे सही नाही, हुद्दा नाही, आणि मसुद्यात जनावर फिरतंय. धन्य आहे.

वऱ्हाडी माणूस:
😂 आमच्या ऑफिसात तर लॉगिन करूनही तेच दिसते

महालकर:
सगळ्यांना थँक्यू. ताईंचं उचललं, आजपासून मसुद्याच्या पहिल्या ओळीतच अवलोकनार्थ नाहीतर अभिप्रायार्थ लिहितोय आणि परमिशन तशीच देतोय. बोलताना कमेंटच म्हणू, वऱ्हाडी भाऊंचंही राहिलं. आता एक शेवटचं, व्हर्जन हिस्टरीला काय म्हणू? आवृत्ती म्हटलं की पुस्तकाची वाटते, आणि स्थळप्रत म्हणजे ऑफिसात ठेवलेली कॉपी, ते जमत नाही कारण इथं एकाच कागदाच्या आधीच्या अवस्था असतात. शिवाय व्ह्यूअर आणि कमेंटरला ती दिसतच नाही, एडिट परमिशन लागते, म्हणजे शब्द फक्त तिघाचौघांना लागणार आहे.

बर्डीची ताई:
"आधीचे मसुदे". तिघाचौघांसाठी एवढं पुरे.