वांगावर लेझर करावे का? अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे

नमस्कार. माझ्या थोरल्या बहिणीच्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर दुसऱ्या बाळंतपणानंतर वांग उमटले असून, द्राक्षबागेत दिवसभर उन्हात काम असल्यामुळे उन्हाळ्यात ते अधिकच गडद होते. हायड्रोक्विनोनच्या मलमाने डाग फिके झाले होते. परंतु ते मलम कायम लावायचे नसल्याने डॉक्टरांनी बंद केले आणि डाग परतले. आता एका क्लिनिकने क्यू-स्विच्ड एनडी-याग लेझर (त्वचेतला गडद रंग अतिशय छोट्या झोतांनी फोडणारे लेझर) सुचवले आहे.

माझी काळजी अशी की, उन्हाने पडलेले सुटे डाग लेझरने बरेचदा निघतात, पण वांगात रंगपेशी मुळातच अतिसक्रिय असतात, त्यामुळे उपचारानंतर ते पुन्हा येऊ शकते आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर लेझरच्या उष्णतेने डाग आणखी काळे पडण्याचा किंवा पांढरे ठिपके उठण्याचाही धोका असतो.

ज्यांनी सावळ्या त्वचेवर हा उपचार घेतला आहे, त्यांना वर्षभरानंतर कितपत फरक टिकलेला दिसला? आधी लहानशा भागावर चाचणी घेतली होती का? शेतात घाम येत असताना दर दोन-तीन तासांनी सनस्क्रीन लावणे कसे जमवले, आणि आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी पडले का?

कृपया दुकानात मिळणारी, स्टेरॉइड मिसळलेली गोरेपणाची मलमे सुचवू नयेत. त्यांनी त्वचा पातळ होते. त्वचारोगतज्ज्ञांकडून उपचार घेतलेल्यांनी सविस्तर लिहिल्यास फार मदत होईल.