कोलवाळचा तुरुंग दाखवला की पोरं सुधारतात?

पेडणेकर मास्तर
काल इथेच एका गृहस्थांनी लिहिलं : नववी-दहावीतल्या वांड पोरांना एक दिवस आपल्या गोव्यातल्या कोलवाळच्या तुरुंगात फिरवून आणा, कैद्यांच्या चार शिव्या खाऊ देत, सुतासारखी सरळ होतील. खाली अंगठ्यांचा पाऊस, आणि त्यात आमच्याच शाळेचे दोन पालक. म्हणून गप्प बसवेना.

अहो, हे करून झालंय. न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात जन्मठेपेचे कैदी पोरांना समोर बसवून अंगावर ओरडायचे. 1978 साली त्यावर माहितीपट निघाला, त्याला ऑस्कर मिळालं, मग काय, जो तो तेच करायला लागला. पुढे कुणीतरी शहाणपणा केला. तसल्याच पोरांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले, एक तुरुंगात नेला, एक नेला नाही. असे 9 प्रयोग एकत्र तपासले तेव्हा दिसलं की नेलेल्या पोरांनीच पुढे जास्त गुन्हे केले. नुसता उपयोग झाला नसता तर बसभाडं वाया गेलं म्हणून सोडून दिलं असतं. इथे वर नुकसान!

आपल्याकडे तर तेवढंही कुणी बघत नाही. हॉलमध्ये बॅनर, साहेबांचं भाषण, पोरांच्या हातात कागदी प्लेट. अहवालात उपस्थिती आणि सहा फोटो. त्यातलं कुठलं पोर पुढच्या वर्षी पोलीस स्टेशनात बसलेलं होतं, हा रकानाच नाही.

निवृत्त हवालदार, डिचोली
मास्तर, अमेरिका राहू द्या. मी सायकल चोरताना सापडलो होतो, वय चौदा. जमादाराने कानाखाली एकच दिली आणि आवयला, म्हणजे आईला, बोलावून घेतलं. पुढे त्याच खात्यात नोकरी केली. माझ्यावर कुणी संशोधन केलं नाही, तरी मी सुधारलो.

शुभा, फोंडा
काका, तुम्ही सुधारलात हे दिसतं. त्याच जमादाराच्या हातची खाऊन जे पुढे आत गेले, ते इथे लिहायला येणार नाहीत ना.

मी एका संस्थेत समुपदेशनाचं काम केलंय, नाव नको. वाया चाललेली पोरं वेगवेगळ्या वाड्यांवरून निवडून आम्ही एकत्र आणली, शनिवारी फुटबॉल आणि गप्पा. पोरं खूश, आम्ही खूश. नंतर कळलं, की एकाला गाडीचं लॉक तोडता यायचं, दुसऱ्याला गांजा कुठे मिळतो ते ठाऊक होतं, आणि ओळख आमच्या मैदानावर झाली. शेवटी अभिप्रायाच्या फॉर्मवर सगळ्यांनी ‘खूप छान’ लिहिलं होतं.

पेडणेकर मास्तर
शुभाबाय, नेमकं हेच मॅसॅच्युसेट्समध्ये झालं. 1939 मध्ये केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांतल्या शेकडो पोरांच्या जोड्या लावून निम्म्यांना शिकवणी, औषधपाणी, उन्हाळी शिबिरं, घरी येणारा मार्गदर्शक दिला. तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड या संशोधक बाईंनी ती माणसं शोधून काढली. दोन-तृतीयांश म्हणाले, आमचं भलं झालं. नोंदी काढल्या तर मदत मिळालेल्यांचीच गत काही बाबतींत वाईट.

अॅडव्होकेट, मडगाव
मोजा मोजा म्हणणं सोपं आहे. बाल न्याय कायदा 2015 वाचा. कलम 24 प्रमाणे मुलाच्या दोषसिद्धीच्या नोंदी ठरावीक काळाने नष्ट करायच्या असतात, 74 प्रमाणे ओळख उघड करता येत नाही. तुम्ही दोन वर्षांनी कुणाच्या दारात जाणार? आणि गेलात तर शेजारी विचारणार, हे कोण आले होते? पोराचं लग्न मोडेल तुमच्या संशोधनापायी.

कुशावती
वकीलसाहेब, नाव न घेता आकडा काढता येतो. प्रश्न इच्छेचा आहे.

अॅडव्होकेट, मडगाव
काढा की. कोण काढणार तेवढं सांगा.

कानसावळेकर
खरं कुणी बोलत नाही. ही पोरं आपली नाहीत, भायलीं आहेत, बाहेरून आलेली. झोपडपट्ट्या हलवा, गुन्हे आपोआप कमी.

शुभा, फोंडा
आमच्या शनिवारच्या पोरांत निम्मी इथल्याच कुळागरवाल्यांची, बागायतदारांची होती. एकाचा बाप बोटीवर, घरी पैसा भरपूर, विचारणारं कुणी नाही. भायलीं म्हणून हात झटकायची सोय आहे तुम्हाला.

काणकोणची आई
मुळात सोळा वर्षांच्या पोराला अॅक्टिव्हा कोण देतं? तिथून सुरू होतं सगळं. रात्री अकराला तिघे एका गाडीवर.

निवृत्त हवालदार, डिचोली
बाय, शंभर टक्के! 2019 पासून कायद्यात पालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड आहे, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द. लावतंय कोण? गाडी अडवली की पाच मिनिटांत पंचायतीच्या पंचाचा फोन.

कुशावती
बस वेळेवर असती तर पोराला गाडी कशाला लागली असती? आमच्याकडे संध्याकाळी सातनंतर बस नाही. ट्यूशनहून पोरीने चालत यायचं का?

काणकोणची आई
म्हणून लायसन नसताना द्यायची? पुण्यात दोन जीव गेल्यावर 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता, आठवतंय ना?

कुशावती
ती पोर्शे होती, ताई. माझ्या पोरीला त्या रांगेत बसवू नका. तुमच्या घराशी बस थांबते म्हणून हे सुचतं.

अॅडव्होकेट, मडगाव
गाडीवरून आता बसवर. छान. मूळ धागा कुठला होता?

पेडणेकर मास्तर
मूळ धाग्याकडे. काहीच चालत नाही असं मी म्हटलेलं नाही. शिकागोत शाळकरी मुलांचा एक कार्यक्रम आहे, पोरं दर आठवड्याला गोल करून बसतात. पहिल्याच दिवशी एकाच्या मुठीत चेंडू, दुसऱ्याने 30 सेकंदांत तो काढून घ्यायचा. दोघे धक्काबुक्की करतात. मग विचारतात, चेंडू दे म्हणून मागितलास का? कुणीच मागितलेला नसतो. हिंसक गुन्ह्यांतली अटक तिथे 45 टक्क्यांच्या आसपास घटली, दुसऱ्या गटाशी ताडून बघितलेलं.

अॅडव्होकेट, मडगाव
आणि कार्यक्रम संपल्यावर?

पेडणेकर मास्तर
पहिल्या अभ्यासात तो फरक पुढे टिकला नाही. पण ते कळलं कशामुळे? नंतरही मोजत राहिले म्हणून.

निवृत्त हवालदार, डिचोली
म्हणजे तेही पक्कं नाही. जिंकलात मास्तर, पेढे वाटा. तुरुंगाची सहल रद्द, मान्य. मात्र चेंडू मागायला शिकवणाऱ्याचा पगार कोण देणार? आमच्या ठाण्यात झेरॉक्सचा कागद घरून आणायचो.

शुभा, फोंडा
बॅनर आणि हॉलचे पैसे वाचवले तर एका माणसाचा वर्षाचा पगार निघेल, काका. मी बिलं बघितलीत.

काणकोणची आई
आधी शाळेबाहेर लागलेल्या गाड्या मोजा, बिनलायसनच्या. त्याला अमेरिका लागत नाही.

पेडणेकर मास्तर
सोमवारी मोजतो. पालकसभेनंतर महिन्याने परत, आणि शेजारच्या शाळेतल्याही. तिथे सभा झालेली नाही.

निवृत्त हवालदार, डिचोली
मोजा. पंचाच्या पोराची बुलेट गाळू नका.